कॉम्प्युटरवरचा ब्राउझर आपल्या कामाला बसवून घ्यायचा कसा

दुकानातला कॉम्प्युटर असो की घरातला, आता त्याच्यावरचं बहुतेक काम ब्राउझरमध्येच, म्हणजे क्रोम, एजसारख्या साइट उघडायच्या सॉफ्टवेअरमध्येच होतंय. टॉवेल-चादरीच्या ऑर्डरी व्हॉट्सॲप वेबवर, ई-वे बिल ब्राउझरमध्ये, जीएसटी ब्राउझरमध्ये, लाइट बिल, सातबारा, पोरीचा विद्यापीठाचा परीक्षा फॉर्म, सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट, सगळं त्या एकाच खिडकीत. आणि तरी बरीच मंडळी तो ब्राउझर जसा आला तसाच वापरत बसतात, अक्षर बारीक दिसतंय तर मान पुढं काढून वाचतात पण अक्षर मोठं करत नाहीत, रोजची साइट रोज नव्यानं गुगलमध्ये शोधतात, कोपऱ्यात दर दोन मिनिटाला जाहिरात उडतीय तर ती बंद करत बसतात. मला हे खरंच बघवत नाही, कारण एकदा तासभर बसून मांडणी केली की हा सगळा ताप जातो.

हे लिहिलंय ते आत्ता आत्ता मोबाइलवरून कॉम्प्युटरवर आलेल्यांसाठी. सगळं एका दिवसात करायची गरज नाही, पण खाली दिलंय त्याच क्रमानं करा, अक्षर आणि मराठी टायपिंग आधी, कारण ते जमलं की पुढचं वाचायला आणि करायला सोपं जातंय. बटणांची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतील, मी ती उच्चाराप्रमाणे लिहिलीत. व्हर्जननुसार एखादा शब्द इकडचा तिकडं असू शकतो, सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरती शोधायचा डबा असतो त्यात टाका, लगेच येतं.

आधी कुठला ब्राउझर

यात जास्त डोकं लावू नका. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे आतून क्रोमियम नावाच्या एकाच सॉफ्टवेअरच्या पायावर उभे आहेत, एजसुद्धा २०२० पासून. फायरफॉक्सचं इंजिन मात्र तो बनवणाऱ्या मोझिलाचं स्वतःचं, वेगळं. म्हणून माझं सांगणं एवढंच की मशिनवर दोन ठेवा, एक क्रोमियमवाला आणि एक फायरफॉक्स. एखादी सरकारी साइट एकात अडकली तर दुसऱ्यात उघडून बघता येतंय, आणि दोन्हीत अडकली तर समजायचं की घोळ साइटचाच आहे, आपल्या मशिनचा नाही, उगंच रीस्टार्ट मारत बसायला नको. विंडोजमध्ये एज आधीच असतोय, मशीन हलकं असेल तर क्रोम वेगळा टाकायचीही गरज नाही.

जुन्या मशिनवाल्यांनी एक बघा. विंडोज ७ वर क्रोमचं १०९ हे शेवटचं व्हर्जन, ते २०२३ ला आलं, त्यानंतर नवीन नाही. फायरफॉक्सचं तिथं ११५ शेवटचं. अशा मशिनवर बँकेचं काम करू नका, बाकी बातम्या वाचायला, गाणी ऐकायला चालतंय.

ब्राउझर उतरवताना सर्चमध्ये वर जाहिरात म्हणून आलेली लिंक दाबू नका. क्रोम गुगलच्याच साइटवरून, फायरफॉक्स मोझिलाच्याच साइटवरून. आणि टाकल्यावर वरच्या तीन टिंबांत हेल्प, त्यात अबाउट गुगल क्रोम उघडा, तिथं तो स्वतःच तपासून अपडेट होतो. रीलाँच विचारलं की करा, पुढं ढकलत राहू नका.

अक्षर डोळ्याला बसवा

देवनागरीला काने, मात्रे, रफार, जोडाक्षरं सगळं वरखाली असतंय, इंग्रजी ज्या साइजला बरं वाचता येतं त्या साइजला मराठी किचकट दिसतं. चाळिशी लागलेल्यांना तर फारच. तर तीन पातळ्यांवर करायचं.

पहिली, तात्पुरती. कंट्रोल दाबून धरा आणि अधिकचं चिन्ह दाबा, पान मोठं होतं. वजा दाबलं की लहान, शून्य दाबलं की मूळ साइज. कंट्रोल धरून माउसचं चाक फिरवलं तरी तेच. ब्राउझर ही साइज त्या त्या साइटपुरती लक्षात ठेवतो, म्हणजे सातबाऱ्याची साइट एकदा मोठी केली की पुढच्या वेळी मोठीच उघडते.

दुसरी, कायमची. क्रोममध्ये वरच्या तीन टिंबांत सेटिंग्ज, अपिअरन्स, तिथं पेज झूम. घरात वयस्कर माणूस वापरणार असेल तर सरळ ११० किंवा १२५ करून ठेवा. त्याच्याच जवळ कस्टमाइझ फॉन्ट्स आहे, त्यात मिनिमम फॉन्ट साइजची पट्टी सापडेल, ती थोडी सरकवा, म्हणजे साइटवाल्यानं कितीही बारीक अक्षर टाकलेलं असू दे, त्या मापाच्या खाली जाणारच नाही. जास्त सरकवू नका, काही साइटवर बटणं एकमेकांवर चढतात.

तिसरी खास मराठीसाठी, आणि ही फायरफॉक्समध्येच नीट आहे. सेटिंग्ज, जनरल, खाली फॉन्ट्स, त्याच्या बाजूला ॲडव्हान्स्ड. वरती 'फॉन्ट्स फॉर' म्हणून यादी येईल, त्यात लॅटिन दिसत असेल ते बदलून देवनागरी करा. आता इथं जो फॉन्ट आणि जी साइज ठेवाल ती फक्त देवनागरी मजकुराला लागेल, इंग्रजीला हात लागणार नाही. विंडोजवर निर्मला यूआय आधीच असतोय, तो बरा आहे, पण मला विचाराल तर मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी उतरवून टाका, दोन्ही फुकट आहेत, मोकळं वळण आहे आणि जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. साइट तरीही स्वतःचाच फॉन्ट दाखवत असेल तर त्याच चौकटीत खाली साइटला स्वतःचा फॉन्ट वापरू द्यायचा की नाही अशी टिक आहे, ती काढली की तुमचा फॉन्ट चालतो. फक्त काही साइटवरची चिन्हं मग चौकोन चौकोन दिसतात, तसं झालं तर टिक परत करा.

आणि लांबलचक बातमी किंवा लेख वाचायचा असेल तर एज आणि फायरफॉक्स दोन्हीत एफ९ दाबा, जाहिराती, बाजूच्या पट्ट्या सगळं जातं आणि नुसता मजकूर राहतो. प्रत्येक पानाला होत नाही, पण बातम्यांना बहुतेक होतं. एजमध्ये तर कंट्रोल+शिफ्ट+यू दाबलं की तो मोठ्यानं वाचून दाखवतो, आवाजाच्या यादीत मराठीचे आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत, चांगले आहेत, ऐकून बघा. ज्यांना डोळ्याचा त्रास आहे त्यांना हे जरूर लावून द्या.

मराठी टायपिंग

मराठीत शोधलं तर मराठी सापडतंय. सोलापूर बाजार समितीतला कांद्याचा भाव असो की महापालिकेची सूचना, इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून शोधलं की भलतंच काहीतरी वर येतं.

विंडोज १० आणि ११ मध्ये वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजची सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, ॲड अ लँग्वेज, मराठी. मग मराठीच्या समोरच्या टिंबांतून लँग्वेज ऑप्शन्स, ॲड अ कीबोर्ड, तिथं मराठी फोनेटिक घ्या. आता विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की इंग्रजीवरून मराठीवर आणि परत. फोनेटिकमध्ये आपण मोबाइलवर टाइप करतो तसंच, इंग्रजी अक्षरात शब्द लिहायचा आणि खाली मराठी पर्याय येतो. ज्यांना इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी अक्षरं थेट कळांवर असलेली मांडणी येते त्यांनी तेच ठेवा, हात बसल्यावर ते फोनेटिकपेक्षा जलद चालतंय.

प्रेसवाल्यांकडून किंवा जुन्या ऑफिसातून आलेला श्रीलिपीतला मजकूर कॉपी करून ऑनलाइन फॉर्ममध्ये टाकू नका, तो जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला असेल तर युनिकोड, म्हणजे सगळ्या मशिनवर सारखीच वाचता येणारी अक्षरं, नसतो आणि फॉर्ममध्ये अक्षरांचा नुसता चुरा होतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर सरळ पुन्हा टाइप करा.

भाषांतराचं पण इथंच सांगतो. पानावर राइट क्लिक केलं की क्रोममध्ये ट्रान्सलेट येतं, आणि सेटिंग्ज, लँग्वेजेसमध्ये मराठी ठरवून दिलं की सगळं मराठीतच होतं. आपल्याकडं याचा फार उपयोग आहे, ज्यांची जमीन पलीकडं विजापूर, इंडी भागात आहे त्यांना कर्नाटकच्या 'भूमी' साइटवर पहाणी, म्हणजे तिकडचा सातबारा, बघावी लागते, ती कन्नडमध्ये. बोलता येतं पण वाचता येत नाही असे आपल्यात कितीतरी आहेत. तर वाचायला भाषांतर लावा, पण त्यातलं नाव, गाव, गट नंबर कधीही तसंच उतरवून घेऊ नका, कारण भाषांतर करणारं यंत्र नावांचाही अर्थ लावून टाकतंय. आणि फॉर्म भरताना भाषांतर बंदच ठेवा, काही फॉर्म त्याच्यामुळं सबमिटच होत नाहीत.

बुकमार्कची पट्टी आणि सकाळची सुरुवात

कंट्रोल+शिफ्ट+बी दाबा, पत्त्याच्या खाली बुकमार्कची, म्हणजे साइटच्या खुणांची, एक पट्टी येईल. हीच तुमची रोजची जागा. साइट उघडायची, कंट्रोल+डी दाबायचं, जागा म्हणून बुकमार्क्स बार निवडायचं, आणि नाव बदलायचं. हे नाव बदलणं महत्त्वाचं आहे, कारण साइटचं मूळ नाव हातभर लांब असतंय आणि चार बुकमार्कमध्येच पट्टी भरून जाते. 'लाइट', 'सातबारा', 'जीएसटी', 'कांदा भाव' एवढंच ठेवा, मराठीत ठेवा. काही साइटचं चिन्हच ओळखू येतं, त्यांचं नाव पूर्ण पुसून टाकलं तरी चालतंय.

पट्टीवर राइट क्लिक करून फोल्डर बनवा. एक 'दुकान', एक 'शेती', एक 'पोरांचं'. दुकानच्या फोल्डरमध्ये जीमेल, ई-वे बिल, जीएसटी, ट्रान्सपोर्टची साइट. सकाळी फोल्डरवर राइट क्लिक, ओपन ऑल, की सगळ्या एकदम उघडतात. रोजचं ठरलेलं असेल तर सेटिंग्जमध्ये ऑन स्टार्टअप बघा, तिथं ठराविक पानं उघडायचा पर्याय आहे, आत्ता उघडी असलेलीच पानं घ्यायला 'यूज करंट पेजेस' दाबा. किंवा 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' ठेवा. एमआयडीसीत, अक्कलकोट रोडला मध्येच लाइट जाण्याचा त्रास ज्यांना आहे त्यांनी हे दुसरं ठेवा, मशीन परत चालू झाल्यावर काल जिथं होता तिथंच उघडतंय. फक्त अर्धवट भरलेला फॉर्म वाचेलच असं नाही.

बँकेची साइट तर बुकमार्कमधूनच उघडायची, सर्च करून कधीच नाही. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर यायला सांगितलं होतं, कारण तो पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. तर तुमच्या बँकेचा जुना बुकमार्क असेल तर तो एकदा तपासून नवीन पत्त्याचा करून घ्या. सरकारी साइटला शेवटी जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असतंय का ते बघायची सवय लावा, सातबारा काढून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या भलत्याच साइट सर्चमध्ये वर येतात.

वरचा पत्त्याचा डबा

कंट्रोल+एल दाबलं की माउसला हात न लावता तिथं कर्सर जातो. पूर्ण पत्ता टाइप करू नका, आधी उघडलेली साइट दोनतीन अक्षरांतच खाली येते. एखादी चुकीची साइट सारखी खाली येत असेल तर बाणानं तिच्यावर जा आणि शिफ्ट+डिलीट दाबा, यादीतून जाते. सर्च इंजिन गुगल ठेवलेलं असेल तर छोटा हिशेब पण तिथंच होतो, १२५०० गुणिले १८ टक्के टाइप केलं की एंटर दाबायच्या आधीच खाली उत्तर दिसतं, कॅल्क्युलेटर शोधायला नको.

आता जी गोष्ट लोक वापरतच नाहीत आणि जिचा मला फार उपयोग वाटतो ती सांगतो, स्वतःचा सर्च शॉर्टकट. समजा मराठी विकिपीडियावर रोज काहीतरी बघायचंय. असं करा:

१. त्या साइटवर जाऊन एक शब्द शोधा, समजा 'चादरटॉवेल'. ज्या नावाचं पान विकिपीडियावर आहे तो शब्द नको, नाहीतर निकालाऐवजी ते पानच उघडतं.
२. निकालाचं पान आलं की वरचा पूर्ण पत्ता कॉपी करा.
३. क्रोममध्ये सेटिंग्ज, सर्च इंजिन, मॅनेज सर्च इंजिन्स, खाली साइट सर्चमध्ये ॲड दाबा.
४. नाव द्या, शॉर्टकट म्हणून 'वि' किंवा इंग्रजीतलं एखादं अक्षर द्या, आणि पत्ता पेस्ट करून त्यात जिथं तुमचा शोधलेला शब्द आलाय तेवढाच भाग पुसून तिथं टक्क्याचं चिन्ह आणि त्याला लागून इंग्रजी लहान एस टाका.
५. सेव्ह.

आता वरच्या डब्यात शॉर्टकटचं अक्षर, मग टॅब, मग शब्द, एंटर. सरळ त्या साइटवरच्या निकालावर. कॉपी केलेल्या पत्त्यात तुमचा शब्द टक्के आणि आकड्यांच्या लांब माळेसारखा दिसला तर घाबरू नका, देवनागरी पत्त्यात तशीच दिसते, ती पूर्ण माळ काढायची. ओळखायला अवघड जात असेल तर पहिल्या पायरीला इंग्रजी शब्द शोधा. होलसेलवाल्यांनी भाव बघायच्या साइटला, विद्यार्थ्यांनी लायब्ररीच्या साइटला, यूट्यूबला, नकाशाला, कशालाही लावा.

एखाद्या साइटला स्वतःचा सर्च नसेल तर गुगलमध्ये इंग्रजीत साइट हा शब्द, कोलन, जागा न सोडता त्या साइटचा पत्ता आणि मग हवा तो शब्द. विद्यापीठाची जुनी परिपत्रकं अशीच सापडतात, साइटवरच्या मेनूत फिरून सापडत नाहीत.

टॅब आणि हाताच्या कळा

सगळ्या कळा पाठ करायच्या नाहीत, एवढ्याच करा. कंट्रोल+टी नवीन टॅब, कंट्रोल+डब्ल्यू बंद, आणि चुकून बंद झालेला टॅब परत आणायला कंट्रोल+शिफ्ट+टी. ही शेवटची सगळ्यात कामाची, पूर्ण खिडकी बंद झाली तरी परत आणते. कंट्रोल+१ पासून ८ पर्यंत त्या त्या नंबरचा टॅब आणि ९ म्हणजे कायम शेवटचा. लिंकवर माउसचं चाक दाबलं की ती नव्या टॅबमध्ये उघडते, हातातलं पान जात नाही. पानात शब्द शोधायला कंट्रोल+एफ, मराठीतही चालतं, निवड यादीत पोराचं नाव शोधायला दीडशे ओळी वाचत बसू नका.

व्हॉट्सॲप वेब आणि मेल यांच्या टॅबवर राइट क्लिक करून पिन करा, डावीकडं छोटे होऊन बसतात आणि त्यांच्यावर बंद करायची फुली नसते. टॅब फार झाले की नावं दिसत नाहीत, तेव्हा क्रोममध्ये कंट्रोल+शिफ्ट+ए दाबून नावानं शोधा. पंधरावीस टॅब रोजचेच असतील तर टॅब वरून काढून बाजूला उभे लावा, एजमध्ये हे आधीपासून आहे, फायरफॉक्समध्ये मार्च २०२५ ला आलं. आजकालचे स्क्रीन आडवे पसरट, बाजूला जागा मोकळीच असते, मला तर उभेच आवडतात, नाव पूर्ण वाचता येतं.

एक मशीन, चार माणसं

आपल्याकडं एकच कॉम्प्युटर, त्यावर वडील जीएसटी बघणार, पोरगी अभ्यास करणार, पोरगा गेमचे व्हिडिओ. सगळे एकाच जीमेलमध्ये. मग कॉलेजचा गुगल फॉर्म दुकानाच्या मेलवरून जातो आणि कॉलेज म्हणतं तुमचा फॉर्म आलाच नाही. दुकानाचा गल्ला आणि घरचं पाकीट जसं वेगळं ठेवतो तसं इथं प्रोफाइल वेगळं ठेवायचं.

क्रोममध्ये वर उजवीकडं गोल चित्र असतंय, ते दाबा, ॲड प्रोफाइल. प्रत्येकाचं नाव आणि रंग वेगळा द्या, रंग मुद्दाम ठळक द्या, दुकानाचा हिरवा, पोरीचा जांभळा, म्हणजे खिडकी बघूनच कळतं आपण कुठं आहोत. प्रत्येक प्रोफाइलचे बुकमार्क, पासवर्ड, हिस्टरी सगळं स्वतंत्र, आणि डेस्कटॉपवर प्रत्येकाचं वेगळं आयकॉन ठेवता येतं. एवढं लक्षात असू द्या की प्रोफाइलला कुलूप नसतं, दुसरा माणूस ते उघडू शकतो. लपवायचंच असेल तर विंडोजचं अकाउंटच वेगळं करा.

बाहेरच्या मशिनवर, म्हणजे सेतू केंद्र, नेट कॅफे, कॉलेजची लॅब, तिथं त्याच गोल चित्रातून गेस्ट घ्या आणि पासवर्ड सेव्ह विचारलं की नाही म्हणा. काम झालं की खिडकी बंद, मागं हिस्टरी राहत नाही. उतरवलेल्या फाइली मात्र तिथंच राहतात, आधारची पीडीएफ उतरवली असेल तर आठवणीनं डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही.

कोपऱ्यातल्या उड्या आणि खोटे इशारे

'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असं खाली उजवीकडं सारखं येतंय, हा त्रास फार लोकांना आहे आणि घाबरून काही जण तिथल्या नंबरवर फोन पण लावतात. बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो, नोटिफिकेशन असतं. सिनेमाच्या किंवा क्रिकेटच्या एखाद्या साइटनं कधीतरी 'तुम्ही रोबोट नाही हे सांगायला अलाव दाबा' असं म्हटलेलं असतं, घरातल्या कुणीतरी दाबलेलं असतं, तेव्हापासून ती साइट हवं ते दाखवतीय.

काढायचं असं: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. खाली परवानगी दिलेल्या साइटची यादी आहे. त्यातल्या व्हॉट्सॲप, जीमेल अशा ओळखीच्या ठेवा, बाकी अनोळखी नावं सगळी रिमूव्ह नाहीतर ब्लॉक करा. मग वरती साइट्सना नोटिफिकेशन पाठवू द्यायचंच नाही हा पर्याय निवडा, म्हणजे पुढं कुणी विचारणारच नाही. फायरफॉक्समध्ये हेच प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये परमिशन्सखाली. कुणाच्याही घरी गेलात आणि हे दिसलं तर त्यांचं पण करून द्या, विशेषतः एकटे राहणाऱ्या काका-मावशींचं.

कधी पूर्ण स्क्रीनभर इशारा येतो, आवाज येतो, फुली सापडत नाही. एफ११ दाबून बघा, नाही गेलं तर ऑल्ट+एफ४. कुठल्याही नंबरवर फोन करायचा नाही, कुणी सांगितलं म्हणून काही उतरवायचं नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन लावा, तो सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

याच्या उलट एक. सरकारी साइटवर पैसे भरले आणि पावती उघडलीच नाही, असं झालं तर पत्त्याच्या डब्याच्या उजव्या टोकाला बघा, पॉप-अप, म्हणजे आपोआप उघडणारी नवी खिडकी, अडवल्याचं छोटं चिन्ह असेल. ते दाबून त्या साइटपुरतं अलाव करा. पैसे परत भरू नका.

एक्स्टेन्शन आणि संथ मशीन

एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअरं, कमीत कमी. प्रत्येक एक्स्टेन्शन मेमरी खातं आणि बरीचशी तुम्ही उघडलेलं पान वाचू शकतात. मी म्हणेन जाहिराती अडवणारं एक पुरे, युब्लॉक ओरिजिन. फायरफॉक्समध्ये ते पूर्ण चालतं, क्रोमनं नियम बदलल्यामुळं तिथं त्याचं लाइट रूप मिळतं, तेही बरं आहे. कूपन शोधून देणारी, हवामान दाखवणारी, पीडीएफ बदलून देणारी असली जी काय आपोआप आलेली असतील ती काढून टाका.

मशीन अडखळत असेल तर क्रोममध्ये शिफ्ट+एस्केप दाबा, कुठला टॅब किती मेमरी घेतोय त्याची यादी येते, सगळ्यात जास्त घेणारा टॅब बंद करा. आणि सेटिंग्ज, परफॉर्मन्समध्ये मेमरी सेव्हर चालू करा, वापरात नसलेले टॅब झोपतात. व्हॉट्सॲप वेब झोपू नये म्हणून तिथंच कायम जागं ठेवायच्या साइटच्या यादीत टाका. चार जीबी रॅमवर याचा फरक लगेच कळतो, त्यातून आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये लॅपटॉप आधीच तापलेला असतो.

पावत्या, पीडीएफ आणि शेवटी बॅकअप

सेटिंग्ज, डाउनलोड्स, तिथं प्रत्येक फाइल कुठं ठेवायची ते विचारायचा पर्याय चालू करा. एक जास्तीचा क्लिक होतो, पण फाइल तिथंच 'लाइटबिल मार्च' नावानं बरोबर फोल्डरमध्ये जाते, नाहीतर डाउनलोडमध्ये एकाच नावाच्या कंसात एक, कंसात दोन अशा फाइली साठतात आणि ऐन वेळी एक सापडत नाही. जिथं डाउनलोडचं बटणच नाही तिथं कंट्रोल+पी, प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ', आणि मोअर सेटिंग्जमध्ये हेडर-फूटरची टिक काढा म्हणजे कडेला पत्ता आणि तारीख छापून येत नाही. पूर्ण लांब पानाचा फोटो हवा असेल तर एज आणि फायरफॉक्समध्ये कंट्रोल+शिफ्ट+एस.

एवढी मांडणी केल्यावर तिची कॉपी ठेवा. क्रोममध्ये कंट्रोल+शिफ्ट+ओ दाबलं की बुकमार्क मॅनेजर उघडतो, त्याच्या तीन टिंबांत एक्स्पोर्ट बुकमार्क्स, जी फाइल मिळेल ती पेनड्राइव्हवर आणि स्वतःच्या मेलवर ठेवा. मार्च एंडला हिशेबाचा बॅकअप घेताच ना, त्याच्यासोबतच हे करून टाका. मशीन बिघडलं, बदललं, किंवा फायरफॉक्सवर जावंसं वाटलं तर तिथल्या बुकमार्क मॅनेजरमध्ये इम्पोर्ट करून हीच फाइल द्यायची, फोल्डर आणि मराठी नावांसकट सगळं येतं.